२००१ ची लग्नपत्रिका उघडेना. सीपीयू भंगारात घालू की ठेवू?

डीटीपीवाली_अक्का

नमस्कार मंडळी. प्रश्न छोटा आहे, पण पाल्हाळ लागणार हे आधीच सांगते.

मी सोलापूरची, पूर्व भागातली. १९९९ पासून घराच्या पुढच्या खोलीत डीटीपी, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची जुळणी, करत होते. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, तेराव्याची पत्रं, मंडळांची पावतीपुस्तकं. घरात तेलुगू, गिऱ्हाइकाशी मराठी, आणि अक्कलकोटकडचं कुणी आलं की मोडकीतोडकी कानडी. आता काम जवळपास बंदच आहे. वर्षाकाठी चार-दोन पत्रिका येतात, त्याही ओळखीतल्या.

मागल्या आठवड्यात एक मुलगी स्कूटीवरून घर शोधत आली. येत्या मे महिन्यात तिच्या आईवडिलांच्या लग्नाला पंचवीस वर्षं होतायत, आणि घरच्या कार्यक्रमाला तिला त्यांचीच पत्रिका वाटायचीय. तशीच दुसरी नको, तीच हवी. आईच्या पेटीत एक प्रत उरलीय, तीही अर्धीमुर्धी. वर गणपती, 'श्री मार्कंडेय प्रसन्न', आणि खाली कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत आमच्या घराचा पत्ता. त्यावरूनच ती पोचली. मधला भाग ओल लागून चिकटलाय. मुहूर्ताच्या ओळीवर कुणीतरी निळ्या पेनानं काहीतरी गिरवलंय.

मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, "बस बाई, पाच मिनिटांत काढून देते." माळ्यावरून सीड्यांचा डबा काढला. 'लगीन एप्रिल-मे ०१' अशी मार्करनं लिहिलेली सीडी सापडलीसुद्धा. मुलाच्या लॅपटॉपला सीडी घालायला जागाच नाही, मग शेजाऱ्यांकडून बाहेरून जोडायचा ड्राइव्ह आणला. सीडी फिरली, फाईल दिसली. उघडायला गेले तर लॅपटॉप विचारतो, ही कशानं उघडू? नोटपॅडनं उघड म्हटलं, तर पडदाभर गिचमीड. इंग्रजी अक्षरं, टोप्या घातलेली अक्षरं, चौकोन. त्यात चि. सौ. कां. कुठं गेली आणि वरपिता कुठं गेला, देवाला ठाऊक. मुलगी समोर बसलेली. चहा करते म्हणून आत गेले आणि उगाच पाच मिनिटं ओट्याशी उभी राहिले.

फाईल पेजमेकर ६.५ ची (पानं मांडायचं सॉफ्टवेअर), फॉन्ट श्रीलिपीचा. ज्या मशीनवर ती केली तो सीपीयू अजून घरात आहे. पेंटियम टू, विंडोज ९८. पतसंस्थेचं कर्ज काढून घेतलेला. बटण दाबलं की पंखा फिरतो, तीनदा बीप वाजतं, पडदा काळाच. मुलाला ती पुढची खोली हवीय आणि तो म्हणतो, भंगारवाला रोज गल्लीतून जातो, दोनशे तरी देईल.

तर प्रश्न असा: ही फाईल निघेल का? नसेल निघत तर सीपीयू देऊन टाकते.

आता पाल्हाळ. मी काही जुन्याच्या प्रेमात पडलेली बाई नाही. २००५-०६ च्या भारनियमनात यूपीएस किंचाळायला लागला की हात आपोआप कंट्रोल-एसवर जायचा. ते दिवस परत आले तर मीच पहिली पळून जाईन. उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत तो चौदा इंची मॉनिटर म्हणजे दुसरी चूलच. आणि गिऱ्हाईक शेजारी स्टुलावर बसून पडद्यावर बोट ठेवून म्हणायचं, "आमच्या थोरल्या काकांचं नाव धाकट्याच्या खाली कसं आलं?" एका पत्रिकेला तीन फेऱ्या ठरलेल्या. बटर पेपरवर प्रिंट काढायची आणि ऑफसेटवाल्याकडे सायकलवर न्यायची.

मग नोकिया ११०० आला. नावं एसएमएसनं यायला लागली, तीही रोमनमध्ये. 'जीएडीई' असं आलं तर ते गडे, गाडे, की गाढे? एकदा मी गाढे छापलं. त्या घराण्यानं आजतागायत माझ्याकडून पत्रिका केलेली नाही. स्मार्टफोन आल्यावर हे संपलं हे मान्य करते. लोक मराठीत टाइप करून पाठवतात, नाहीतर बोलून पाठवतात. गावाकडच्या आजीनं तेलुगूत सांगितलेली अठरा नावं मी व्हॉट्सअॅपवर पुन्हा पुन्हा ऐकून उतरवलीत. ते सुख पूर्वी नव्हतं.

मला टोचतं ते वेगळंच. गेल्या पंचवीस वर्षांत मी सहा-सात वेळा घर बदलल्यासारखं झालंय. फ्लॉपीतून सीडीत, सीडीतून पेनड्राइव्हमध्ये, एका फोनमधून दुसऱ्या फोनमध्ये. ऑर्कुटवर पत्रिकांच्या डिझाइनचे फोटो टाकले होते, ते २०१४ ला बंद झालं तेव्हा तिथलं काढून घ्यायचं राहिलंच. दर वेळी नवं घर आधीच्यापेक्षा चांगलंच होतं, तक्रार नाही. पण सामान मीच उचलायचं, आणि काय मागं राहिलं ते दहा वर्षांनी कळायचं. आज फोनमध्ये शुभ सकाळची हजारभर चित्रं मी न मागता जपलेली आहेत आणि दुसऱ्याच्या लग्नाची एक पत्रिका सापडत नाही.

मुलीला रविवारपर्यंत सांगते म्हटलंय.

---

खिळे_ते_क्लिक

अक्का, सीपीयू देऊ नका. कुठल्याही परिस्थितीत देऊ नका. मी मूळचा बाळीवेशीतला, आता पुण्यात असतो, वीस वर्षं छपाईतच गेली.

आधी गिचमीड का दिसतं ते सांगतो, म्हणजे घाबरणार नाही. तुमचा मजकूर शाबूत आहे. त्या काळच्या फॉन्टांनी कॉम्प्युटरला एका परीनं फसवलेलं होतं. मशीनला इंग्रजी अक्षरांच्या जागा ठाऊक. त्या जागांवर देवनागरीचे तुकडे नेऊन बसवले. काना एका जागी, अर्धा म दुसऱ्या, रफार तिसऱ्या. फॉन्ट अंगावर असेपर्यंत 'कार्यालय' दिसतं. फॉन्ट काढला की खालची इंग्रजी खुणांची रांग उघडी पडते. शिवाय प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी, त्यामुळं एकाचा मजकूर दुसऱ्याच्या फॉन्टात घातला तरी गिचमीडच.

युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षरांना सगळीकडं एकच ठरलेली जागा, तेव्हा नव्हतं असं नाही. १९९१ च्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरीला १२८ जागा दिलेल्या होत्या, आणि विंडोज २००० पासून विंडोजलाही देवनागरी कळायला लागली. पण पेजमेकरला शेवटपर्यंत युनिकोड कळलं नाही, आणि आपलं सगळं छपाईचं जग पेजमेकरवर. २००१ ची ७.० ही त्याची शेवटची आवृत्ती. म्हणून दहा-पंधरा वर्षं सगळ्या गावानं जुन्याच फॉन्टात काम केलं. तुमची चूक नाही.

कन्व्हर्टर मिळतात, पण तुमच्या कामाला ते नकोत. पहिली वेलांटी जुन्या फॉन्टात अक्षराच्या आधी टाइप व्हायची, युनिकोडमध्ये ती नंतर येते. तिथं आणि रफारापाशी हमखास घोळ होतो. शिवाय पोरीला 'तीच' पत्रिका हवीय, म्हणजे तोच फॉन्ट, तीच चौकट. तेव्हा सीड्या आधी जशाच्या तशा लॅपटॉपवर उतरवून घ्या. घरी लिहिलेल्या सीडीचा रंगाचा थर काळानं बिघडतो, पुढच्या वेळी वाचेलच असं नाही. मग सीपीयू उघडा. पंखा फिरून बीप वाजतं म्हणजे बहुतेक रॅम. पट्टी काढा, तिचे सोनेरी दात शाळेच्या खोडरबरानं हलके घासा, परत घट्ट बसवा. आणि मागं प्रिंटरच्या पोर्टात श्रीलिपीचं लॉक, म्हणजे सॉफ्टवेअर चालू करणारा छोटा ठोकळा, लावलेलं असायचं, ते आहे का बघा.

मशीन नाहीच उठलं तर हार्डडिस्क काढून केबलनं दुसरीकडं जोडता येते. फॉन्ट तिच्यातच असतील. पेजमेकरच्या जागी आलेल्या इनडिझाइनची सीएस६ आवृत्ती कुणाकडे असेल तर ती पेजमेकर ६.५ च्या फायली उघडते.

---

होटगी_रोड

राग मानू नका, पण एवढा आटापिटा कशाला? पोरीकडून आईवडिलांची नावं, मुहूर्त, कार्यालय लिहून घ्या, फोनवर दहा मिनिटांत पत्रिका तयार होते. गणपती हवा तसा मिळतो. फुलं हलतात, सनई वाजते.

माझ्या बहिणीचं लग्न २०१६ च्या डिसेंबरात झालं. ८ नोव्हेंबरला नोटा बंद झाल्या होत्या, एटीएमपुढं रांगा, छापखानेवाल्याला ॲडव्हान्स द्यायला हातात शंभराच्या नोटा नाहीत. पण सप्टेंबरात जिओ आलेलं, डेटा फुकट. पत्रिकेचा फोटो करून साडेतीनशे जणांना पाठवला. आई आधी रडली, माहेरच्यांना मोबाईलवर आवतण म्हणजे कसं दिसतं म्हणून. शेवटी देवाची, मामांची आणि भावकीतल्या म्हाताऱ्यांची मिळून पंचवीस पत्रिका नव्या पेठेत कलर झेरॉक्स केल्या. लग्नाला माणूस एक कमी आला नाही, उलट जास्तच आले, जेवण कमी पडलं. आमच्यासारख्यांचे पैसे वाचले हेही कुणीतरी लिहायला पाहिजे.

आणि खरं सांगायचं तर छापील पत्रिकेचं लोक करायचे काय? तिच्या मागं दुधाचा हिशेब.

---

धोटा

अक्का, दुपारपासून वाचूलालो आणि एकटाच हसूलालो. आमचा कारखाना अक्कलकोट रोडला, चादरी आणि टॉवेल. तुमच्या गिचमिडीवरून माझी गंमत सांगतो.

आमच्याकडं माडीवर जकार्डच्या कार्डांच्या माळा टांगलेल्या आहेत. नवीन लोकांसाठी सांगतो: नक्षी आधी ग्राफच्या कागदावर रंगवायची, एकेक चौकोन मोजून. त्यावरून पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडायची. भोक असेल तिथं सुई आत जाते, हुक उचलला जातो, ताण्याचा, म्हणजे उभा, धागा वर येतो. भोक नसेल तिथं धागा खालीच. आडवा धागा नेणारा धोटा एकदा गेला की पुढचं कार्ड. म्हणजे बाण्याच्या, आडव्या, एका धाग्याला एक कार्ड, आणि सगळी ओवून माळ. फ्रान्समधल्या जकार्डनं १८०४ च्या सुमारास काढलेली ही युक्ती. पुढं १८९० ची अमेरिकेची जनगणनाही भोकांच्या कार्डांवरच मोजली. तेव्हा तुमचा पेंटियम आमच्या मागाचा नातूच लागतो.

गेल्या दिवाळीआधी एका व्यापाऱ्याला जुना मोर पाहिजे होता. वडिलांनी माझ्या जन्माआधी पाडून घेतलेली माळ काढली. धूळ झटकली. तीन कार्डं उंदरानं खाल्लेली. ग्राफ सापडला नाही, पण घरातल्या जुन्या चादरीवर भिंग लावून धागे मोजले, तीन कार्डं नवी पाडली, माळ चढवली. मोर निघाला. पिसाऱ्यात एका ठिकाणी एक धागा चुकलाय, तो फक्त मला दिसतो.

मी त्यात मोठेपणा मारत नाही, कारण खरी फजिती पुढंच आहे. बारा वर्षांपूर्वी मी जुनं इलेक्ट्रॉनिक जकार्ड घेतलं. कार्डं नाहीत, माळ नाही, नक्षी फ्लॉपीतून घालायची. आता डिझाइन करणारा पोरगा मेलवर फाईल पाठवतो आणि मी फ्लॉपी शोधत फिरतो. माझ्याकडं दोनच राहिल्यात, त्यातली एक कधी वाचते, कधी रुसते. वडिलांचा मोर चालतो, माझा कधी बंद पडेल सांगता येत नाही.

होटगी रोडवाले भाऊ, तुमचं पटतंय बे. पण सनई वाजणारी ती पत्रिका आज तुमच्या फोनात आहे का? बघून सांगा.

---

होटगी_रोड

बघितलं. तो फोन २०१९ ला पाण्याच्या टाकीत पडला. आमच्याकडं पाणी चार दिवसांनी आलेलं, घाईत टाकी बघायला वाकलो. बहिणीकडं असेल, विचारतो.

(नंतर:) तिच्याकडं पण नाही. आईकडं कलर झेरॉक्स आहे, देव्हाऱ्याच्या खणात. मागं दुधाचा हिशेब.

---

कन्ना_चौक_स्क्रीन

अक्का, आमच्याकडं आजही पेजमेकर ७ चालतंय, एक्सपीवर. नेट जोडलेलं नाही, म्हणूनच चालतंय. मशीन उठलं नाही तर डिस्क घेऊन या. चौकात येऊन कुणालाही स्क्रीन प्रिंटिंग विचारा. दुपारी दोन ते चार बंद.

---

डीटीपीवाली_अक्का

सगळ्यांना आधी नमस्कार. रविवार उलटला, आज बुधवार, आणि आता सांगण्यासारखं आहे.

रॅमची पट्टी काढली, नातवाच्या कंपासमधला खोडरबर घेतला, घासली, बसवली. एकच बीप आणि पडदा उजळला! मी आरडाओरडा केला तो ऐकून सून भांडी टाकून आली. तारीख जानेवारी १९९८ दाखवत होतं, म्हणजे आतला सेल मेलाय. राहू दे म्हटलं, तेवढंच वय कमी. लॉक मात्र सीपीयूच्या मागं नव्हतं. दोन दिवस शोधलं. शिलाई मशीनच्या खणात बटणांच्या डब्यात सापडलं, पाच-सात वर्षांपूर्वी मीच 'कशाचं तरी महत्त्वाचं' म्हणून ठेवलेलं.

पेजमेकर उघडलं. फाईल उघडली. काय सांगू, ती चौकट मला कोपऱ्यातल्या वेलीवरूनच ओळखू आली, कारण ती वेल मी एकेक पान जुळवून केली होती आणि पुढं निदान शंभर पत्रिकांना चिकटवली. मुलीला फोन केला, ती अर्ध्या तासात हजर. तिनं आधी पडद्याचा फोटो काढला. जुन्या मॉनिटरचा फोटो म्हणजे काळे पट्टेच पट्टे, तरी लगेच स्टेटसला ठेवला. त्यावर तिच्या मावशीचा फोन आला, की 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं' या ओळीखालची नावं वाच, माझं आहे का. होतं.

मग बाहेर काढायची पंचाईत. पेनड्राइव्ह लावला तर विंडोज ९८ म्हणतं, ड्रायव्हर दे. तो कुठून देणार? सीडीवरची फाईल होतीच, फक्त फॉन्ट हवे होते. शेवटी डिस्क काढून रुमालात गुंडाळली आणि कन्ना चौकात गेले. पावणेदोनला पोचले, त्यांनी शटर अर्धं ओढून काम केलं. फॉन्ट टाकले, पत्रिका उघडली, बटर पेपरवर प्रिंट निघाली. पैसे घेतले नाहीत. (तुमच्या एक्सपीला कुणाची नजर न लागो.) खिळे-ते-क्लिक, सगळ्या सीड्याही उतरवून झाल्या. त्रेचाळीसपैकी पाच वाचल्या नाहीत.

आता गंमत. प्रिंट हातात घेऊन मुलीच्या अर्ध्या पत्रिकेशी ताडून बघितली. फाईलमध्ये मुहूर्त 'दुपारी १२ वाजून ३५ मिनिटांनी'. तिच्या कागदावर निळ्या पेनानं गिरवलेलं नीट निरखलं, तर ३५ चे ५३ केलेले. आणि तो पाच माझा. माझ्या पाचाला वर शेंडी असते, शाळेत मार खाल्लाय त्यासाठी. तेव्हा एकदम आठवलं. पाचशे पत्रिका छापून, घड्या घालून आल्या आणि नवरीच्या वडिलांनी दारातच चूक काढली. परत छापायला ना त्यांच्याकडं पैसे, ना माझ्याकडं. मग रात्री जेवणं झाल्यावर मी, माझ्या सासूबाई आणि नवरीची धाकटी बहीण, म्हणजे ती स्टेटसवाली मावशीच असणार, अशा तिघी चटईवर बसून पाचशे पत्रिकांवर आकडे गिरवत होतो. सासूबाईंना मराठी आकडे नीट येत नव्हते. त्या फक्त घड्या उघडून देत होत्या. फाईलमधली चूक दुरुस्त करायची मात्र मी विसरले होते.

मी मुलीला म्हटलं, आता ५३ करून देते, दोन मिनिटांचं काम आहे. ती म्हणाली, नको. आईच्या पेटीत जशी आहे तशी. मग म्हटलं, ३५ ठेवू? तर तेही नको, कारण लग्न ५३ ला लागलं होतं.

साठ प्रती छापून आल्यात. निळा पेन आणलाय. मावशी शनिवारी पुण्याहून हुतात्मा एक्सप्रेसनं येतेय.

धोटा, फ्लॉपीचा न उघडलेला डबा सापडलाय, दहाचा. घेऊन जा. आणि येताना तो एक धागा चुकलेला मोर घेऊन या, मला बघायचाय.